कॉलेजात जाणाऱ्या मुलांची सकाळ

कॉलेजे सुरू झाली की आपल्या खेडोपाडीच्या घरांतून पहाटे एक संवाद नेमाने ऐकू येऊ लागतो. ‘अरे, उठतोस ना? सातची बस चुकेल.’ उत्तर नाही. ‘अरे बाळ, साडेसहा झाले!’ पांघरुणाच्या आतून एक हुंकार. तिसरी हाक वडिलांची असते आणि तिच्यात ‘बाळ’ हा शब्द नसतो. मग दहा मिनिटे सारे घर धावत सुटते. एक मोजा सापडत नाही, डबा भरताना आमटी सांडते, अंघोळीला फाटा मिळतो, चहा उभ्याउभ्या घशाखाली जातो, आणि चिरंजीव तिठ्यावर पोचतात तेव्हा बस नुकतीच धुरळा उडवून गेलेली असते. त्या दिवशीचा पहिला तास बुडाला. असे महिन्यातून सहा-सात वेळा झाले म्हणजे सत्राच्या अखेरीस हजेरीचा प्रश्न उभा राहतो. पुष्कळ विद्यापीठांत परीक्षेस बसण्यासाठी शेकडा ७५ हजेरी लागते, आणि ती कमी पडली की प्राचार्यांच्या दारी हात जोडून उभे राहण्याची पाळी मुलाइतकीच बापावरही येते.

अशा मुलाला आळशी म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘तुझ्या वयाचा असताना मी चार वाजता उठून नांगर धरीत होतो,’ असे बापाने म्हणावे आणि मुलाने खाली मान घालून ऐकावे, हा प्रकार वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. बापाचे म्हणणे खोटे नसते. तथापि त्याने मुलाची बस एक दिवसही लवकर मिळालेली आमच्या ऐकिवात नाही. ह्याचे कारण असे की, सकाळी उठणे ही आपण समजतो तितकी सकाळची गोष्ट नाही. तिचा निकाल आदल्या रात्री, आणि पुष्कळ अंशी आदल्या रविवारी, लागलेला असतो. बिछान्याशी पहाटे झटापट करणारा मुलगा बहुधा हरतो. पण ज्याने ती झटापट करण्याची वेळच स्वतःवर आणली नाही, तो फारसा प्रयास न करता सातच्या बसमध्ये बसलेला दिसतो.

देवाने मनुष्याच्या शरीरात एक घड्याळ ठेवलेले आहे, आणि ते भिंतीवरील घड्याळाच्या हुकमतीत नाही. शिकागो विद्यापीठातील नॅथॅनिएल क्लाइटमन नावाचे एक शास्त्रज्ञ १९३८ साली आपल्या एका विद्यार्थ्यासह अमेरिकेच्या केंटकी राज्यातील मॅमथ नावाच्या गुहेत जाऊन राहिले. बाहेरचा उजेड तेथे पोचत नव्हता, हवा बारा अंश सेल्सिअसच्या आसपास कायम थंड होती. बत्तीस दिवस ह्या दोघांनी चोवीस तासांऐवजी अठ्ठावीस तासांचा ‘दिवस’ पाळून पाहिला. एकोणीस तास जागरण आणि नऊ तास झोप. विद्यार्थी त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी लहान होता. त्याच्या शरीराने ही नवी रीत बरीचशी पत्करली. क्लाइटमन मात्र त्रेचाळीस वर्षांचे. त्यांच्या देहाचे तापमान अखेरपर्यंत जुन्या चोवीस तासांच्या तालावरच चढत-उतरत राहिले. दोघाच माणसांवरून शास्त्राचा नियम ठरत नाही हे खरे. पण ‘मनात आणले की झोप येते आणि मनात आणले की जाते’ ह्या समजुतीला त्या गुहेत पहिला मोठा धक्का बसला. पुढे १९९९ साली हार्वर्डच्या संशोधकांनी फार काटेकोर मोजणी करून दाखविले की, मनुष्याचे हे आतले घड्याळ सरासरीने चोवीस तास आणि सुमारे अकरा मिनिटांचे असते. अर्थात ते मुळातच किंचित मागे पडणारे आहे आणि त्याला दररोज पुढे सारावे लागते. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, ह्याचा उलगडा माशीसारख्या क्षुद्र जीवावर प्रयोग करून ज्यांनी केला, त्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता बापांनी येथे थोडे लक्ष द्यावे. हे घड्याळ वयाप्रमाणे बदलते. लहान मूल पहाटे उठून घर डोक्यावर घेते, आणि म्हातारा मनुष्य कोंबडा आरवण्याआधी अंगणात येऊन बसतो. मधल्या वयात, तेराव्या-चौदाव्या वर्षापासून, झोपेची वेळ रात्री पुढे पुढे सरकत जाते, आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास ती सर्वांत उशिराच्या टोकाला पोचते. जर्मनीतील संशोधकांनी हजारो माणसांची माहिती गोळा करून २००४ साली हे मांडले. त्यांच्या मोजणीत मुली ह्या टोकाला मुलांपेक्षा वर्षभर आधी पोचतात आणि तेथून परत फिरतात. म्हणजे आपण ज्या वयात मुलाला सातच्या बसने कॉलेजात धाडतो, नेमके त्याच वयात त्याच्या देहाला उशिरा निजून उशिरा उठण्याची ओढ सर्वांत अधिक असते. रात्री दहा वाजता त्याला झोप येत नाही ही सबब नव्हे. ती त्याला खरोखरच येत नाही.

ही गोष्ट वाचून एखादा चतुर विद्यार्थी हा अंक वडिलांच्या पुढे नेऊन धरील, अशी आम्हांस शंका आहे. त्याने पुढचाही मजकूर वाचून दाखवावा. देहाची ओढ एकीकडे असली तरी बस सातलाच सुटते, आणि वेळापत्रक ठरविणाऱ्यांनी विसाव्या वर्षाच्या घड्याळाचा विचार केलेला नाही. शिवाय ही ओढ म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. घड्याळाला किल्ली देता येते, आणि ती किल्ली प्रत्येकाच्या अंगणात फुकट मिळते.

ती किल्ली म्हणजे सकाळचा उजेड. डोळ्यांत सकाळी शिरलेला प्रकाश आतल्या घड्याळाला पुढे सारतो. रात्री उशिरा शिरलेला प्रकाश त्याला मागे ओढतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली आठ माणसांना आठवडाभर डोंगरात तंबू ठोकून ठेवले. दिवसा सूर्य आणि रात्री शेकोटी, एवढाच उजेड त्यांना मिळे, विजेरीसुद्धा नाही. त्या एका आठवड्यात त्यांची शरीराची घड्याळे जवळजवळ दोन तासांनी अलीकडे आली. कोणी त्यांना उपदेश केला नव्हता, की पाणी तोंडावर मारून उठविले नव्हते.

आमच्या खेड्यांतील पूर्वीची माणसे जी पहाटे आपोआप उठत, त्यात त्यांच्या सद्गुणांचा वाटा असेलच, परंतु कंदिलाच्या मंद उजेडाचा आणि शेतातील उन्हाचाही होता. आज त्याच घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट जळत असते, तोंडापुढे हातभर अंतरावर मोबाइल उजळत असतो, आणि सकाळी मुलगा बंद खोलीतून उठून बंद बसमध्ये आणि तेथून बंद वर्गात जातो. त्याला रात्र उजेडाची आणि सकाळ अंधाराची मिळते. मग त्याचे घड्याळ मागे पडले तर नवल काय?

तेव्हा उठल्याबरोबर पहिले काम म्हणजे दाराबाहेर पडणे. तोंड धुणे, दात घासणे, झाडांना पाणी घालणे, कोंबड्या सोडणे, यांपैकी जे काही करावयाचे असेल ते अंगणात करावे. ढगाळ दिवशीही अंगणातला उजेड घरातील दिव्याच्या उजेडापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. आपल्या डोळ्याला तो फरक कळत नाही, कारण डोळा चटकन जुळवून घेतो. वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. ह्यात एक अडचण आहे, ती सांगितली पाहिजे. बेळगाव-खानापूरकडे जून महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, पण जानेवारीत सातच्या सुमारास. हिवाळ्यात पावणेसहाला उठलेल्या मुलासाठी अंगणात उजेडच नसतो. त्याने घरातील सर्वांत ठळक दिवा लावून त्याखाली वावरावे, आणि बसमध्ये ज्या बाजूने ऊन येते त्या खिडकीशी बसावे. खिडकीचा पडदा ओढून मोबाइलमध्ये डोके घालण्यासाठी काही बसचा पास काढलेला नसतो.

आता रविवारकडे वळू. आमच्या मते सोमवारची बस चुकते ती रविवारी. आठवडाभर पावणेसहाला उठणारा मुलगा रविवारी सव्वाआठपर्यंत झोपतो, आणि आईही म्हणते, ‘असू दे बिचाऱ्याला, एक दिवस तर मिळतो.’ आईच्या ह्या मायेचा हिशेब करून पाहा. आपल्याकडील कितीतरी घरांतील कर्ती माणसे कुवेतला आहेत. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तासांनी मागे असते. पावणेसहाच्या जागी सव्वाआठला उठणारा मुलगा रविवारी जणू कुवेतच्या वेळेने जगतो, आणि सोमवारी पहाटे त्याला पुन्हा खानापूरच्या वेळेने उठावयाचे असते. ज्याने दूरचा विमानप्रवास केला आहे, त्याला पहिल्या दोन दिवसांची ती जड डोक्याची अवस्था ठाऊक आहे. मुलगा ती दर आठवड्याला भोगतो, तिकीट न काढता! मंगळवार-बुधवारी कोठे तो सावरतो, आणि शनिवारी रात्री पुन्हा मोबाइलवर सामना लागतो.

हार्वर्ड कॉलेजातील एकसष्ट विद्यार्थ्यांची झोप महिनाभर टिपून २०१७ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. ज्यांची झोपण्या-उठण्याची वेळ रोज बदलत होती आणि ज्यांची ठरलेली होती, अशा दोन गटांची तुलना त्यात होती. एकंदर झोपेचे तास दोहोंकडे जवळजवळ सारखेच होते. तरीही अनियमितांची शरीराची घड्याळे मागे पडलेली आढळली आणि त्यांचे गुणही कमी आढळले. अशा निरीक्षणावरून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे पूर्णपणे सिद्ध होत नाही. अभ्यासात कच्चा असलेला मुलगाच कदाचित वेळी-अवेळी झोपत असेल. परंतु कॉलेजकुमाराने फक्त एकच नियम पाळावयाचे ठरविले, तर तो कोणता असावा, असे कोणी विचारल्यास आम्ही निःशंकपणे सांगू की, उठण्याची वेळ सातही दिवस एक ठेवावी. फार तर रविवारी अर्धा-पाऊण तास सवलत. रविवारी पहिल्या मिस्सेला जाणाऱ्या घरांत हा नियम न सांगता पाळला जातो, हा त्या मिस्सेचा एक छोटासा ऐहिक लाभ म्हणावयास हरकत नाही. दुपारी जेवणानंतर वीस मिनिटे डोळा लागला तर लागू द्यावा. मात्र कॉलेजातून पाच वाजता परतल्यावर दप्तर टाकून सातपर्यंत गाढ झोप काढणे हे रात्रीची झोप आगाऊ खर्चून टाकण्यासारखे आहे. दहा वाजता मग ती कोठून येणार?

उठण्याची वेळ कशी ठरवावी? मनाला वाटेल ती नव्हे, तर बसपासून मागे मोजत यावे. सातची बस. तिठा दहा मिनिटांवर, म्हणून पावणेसातला घर सोडावयाचे. तोंड धुणे, अंघोळ, प्रार्थना, न्याहारी ह्यांना न धावता एक तास. म्हणजे पावणेसहा. आता झोपेचे तास मोजावेत. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०१६ साली सांगितले की, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोप हवी. त्यापुढील प्रौढांस निदान सात. अकरावी-बारावीचा मुलगा असेल तर पावणेदहाला दिवा मालवला पाहिजे; पदवीच्या वर्गातील असेल तर फार तर साडेदहाला. ज्या घरात रात्रीचे जेवण साडेनऊला होते, त्या घरातील मुलाला पावणेसहाला उठ म्हणणे हा अन्याय आहे. आणि येथे बाब मुलाच्या हातून सुटून आईबापांच्या हाती येते. माळेची प्रार्थना, जेवण, भांडी, टीव्ही ह्यांचा क्रम घरातील वडीलधारी माणसे ठरवितात. मुलाने दहाला झोपावे आणि त्याच माजघरात टीव्हीवरील सासू-सुनांनी अकरापर्यंत भांडावे, हे दोन्ही एका घरात नांदणार नाही.

रात्रीची आणखी दोन-तीन कामे आहेत. दप्तर भरून दाराशी ठेवणे, कपडे खुंटीला लावणे, मोज्यांची जोडी बुटांत खोचून ठेवणे. सकाळी मन जड असते. तेव्हा त्याला ‘कोणता शर्ट?’ असा प्रश्नसुद्धा विचारू नये. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट ह्यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात ह्या गोष्टीचा मोठा मार्मिक विचार आहे. संन्याशांनी अंगावरील वस्त्रांसह, कंबर बांधून निजावे, म्हणजे खूण होताच विलंब न करता उठता येईल, असे ते सांगतात. हिवाळ्यात मध्यरात्रीनंतरही आणखी थोडी विश्रांती होऊन, अन्न पचल्यावर उठता यावे, अशी वेळ त्यांनी नेमून दिली आहे. उठताना एकाने दुसऱ्याला हळुवारपणे उत्तेजन द्यावे, कारण झोपाळू माणसांपाशी सबबी फार असतात, हेही त्यांनी नमूद केले आहे. आणि पहाटेच्या प्रार्थनेतील आरंभीचे एक स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणावे, म्हणजे उशीर झालेल्यांना येऊन पोचता येईल, अशीही तजवीज आहे. पंधराशे वर्षांपूर्वी, प्रौढ आणि व्रतस्थ माणसांच्या बाबतीतही, त्या महात्म्याने केवळ निश्चयावर विसंबून चालेल असे मानले नाही.

गजराविषयी थोडेसे. हल्ली गजर मोबाइलमध्येच असतो, आणि मोबाइल उशाशी असतो. म्हणजे ज्याने रात्री बारापर्यंत जागविले, त्यालाच पहाटे उठविण्याचे काम दिलेले! शंभर-दोनशे रुपयांचे साधे गजराचे घड्याळ आणावे आणि ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे, म्हणजे बंद करण्यासाठी तरी उभे राहावे लागेल. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा. बापाचाही तेथेच लावावा, नाहीतर मुलगा पहिला प्रश्न तोच विचारील. गजर वाजल्यावर ‘आणखी पाच मिनिटे’ असे चार वेळा केल्याने वीस मिनिटांची झोप मिळत नाही, वीस मिनिटांचा त्रास मिळतो. त्यापेक्षा गजरच वीस मिनिटांनी पुढे लावून तेवढी अखंड झोप घेतलेली बरी.

उठल्यावर पहिली पंधरा मिनिटे ते अर्धा तास मेंदूवर झोपेची गुंगी असते. ही गुंगी प्रत्येकाला असते. ती दिसली म्हणजे मुलाची प्रकृती बिघडली असे नव्हे, आणि ‘मी सकाळचा माणूसच नव्हे’ असा निष्कर्ष मुलानेही काढू नये. त्या वेळात गणित मांडू नये, आणि आईनेही घरखर्चाचा विषय काढू नये. हातापायांची कामे करावीत. चहा अवश्य घ्यावा, पण पोटात काही घन अन्न जाऊ द्यावे. कालची भाकरी दुधात, नाचणीची आंबील, उकडलेले अंडे, जे घरी असेल ते. उपाशी गेलेला मुलगा अकरा वाजता कॉलेजच्या दाराशी वडापाव शोधतो आणि त्यात डबाही परत येतो. संध्याकाळच्या चहाचे मात्र भान ठेवावे. चहा-कॉफीतील उत्तेजक द्रव्य शरीरातून निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात, कोणाला अधिक, कोणाला कमी. सात वाजता घेतलेल्या कपातले निम्मे बारा वाजता अजून जागेच असते.

बसमधील एका तासाचे काय करावे, हा प्रश्न आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो, कारण खेड्यातील विद्यार्थ्याला शहरातील विद्यार्थ्यापेक्षा जे दोन तास कमी मिळतात, ते ह्याच रस्त्यावर सांडतात. हिसके बसत असताना पुस्तक वाचणे डोळ्यांना आणि पोटाला मानवत नाही. त्याऐवजी पुस्तक मिटून, कालच्या एका तासात काय शिकविले ते पहिल्यापासून आठवून पाहावे. अडले तेथे वही उघडून एक दृष्टी टाकावी आणि पुन्हा मिटावी. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात २००६ साली हेच पारखून पाहण्यात आले. मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून तो आठवून पाहणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिले होते. ह्याला ना टेबल लागते, ना शिकवणीची फी.

चार वाजता उठून अभ्यास करण्याची आपल्याकडे मोठी प्रतिष्ठा आहे. रात्री साडेआठला निजणारा मुलगा चारला उठत असेल तर त्याचे कौतुकच करावे. पण बाराला निजून चारला उठणाऱ्याचे कौतुक आम्ही करणार नाही, मग तो कितीही मोठ्याने वाचीत असो. दिवसा शिकलेले मनात मुरते ते झोपेत; झोप कापून अभ्यास वाढविणे म्हणजे बी पेरून माती न लोटण्यासारखे आहे. अमेरिकेतील प्रसिद्ध एम.आय.टी. संस्थेत रसायनशास्त्राच्या एका वर्गातील अठ्ठ्याऐंशी विद्यार्थ्यांची झोप सत्रभर मोजून २०१९ साली जे प्रसिद्ध झाले, ते परीक्षेच्या दिवसांत प्रत्येक घरी सांगण्यासारखे आहे. परीक्षेच्या आदल्या एका रात्री किती झोप झाली, ह्याचा गुणांशी काही संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो परीक्षेपूर्वीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेशी. ती किती, कशी आणि किती नियमित होती, ह्याच्याशी. म्हणजे महिनाभर जागून, आदल्या रात्री ‘आज लवकर झोप हं’ असे आईने डोक्यावरून हात फिरवून सांगितल्याने काम भागत नाही.

येथवर आम्ही ‘मुलगा’ म्हणत आलो. कॉलेजात जाणाऱ्या मुलीची सकाळ निराळी आहे, आणि तिच्याविषयी लिहिताना आमचा स्वर बदलला तर वाचकांनी क्षमा करावी. तिला हाक मारावी लागत नाही. ती साडेचारला उठलेली असते. पाणी भरणे, झाडलोट, भाकऱ्या, भावाचा डबा, आपला डबा, आणि मग सातची बस. संध्याकाळी परत आल्यावर पुन्हा चूल. रात्री भांडी आटोपून ती दहा-साडेदहाला वही उघडते, आणि साडेअकराला निजते. पाच तास! वर्गात तिला पेंग आली तर शिक्षक बोलतात, गुण कमी आले तर ‘आता पुरे झाले शिक्षण’ असा विषय घरात निघतो. ह्या मुलीला प्रकाश, गजर आणि नियमितपणा ह्यांविषयी आम्ही काय सांगावे? ती नियमितच आहे. तिला हवे आहेत ते दोन-अडीच तास, आणि ते तास घरातील दुसऱ्या कोणीतरी दिल्यावाचून तिला मिळणार नाहीत. ज्या घरात भाऊ आणि बहीण दोघेही एकाच बसने जातात, त्या घरात पाणी भावाने भरावे, आपला डबा त्याने आपण भरावा, आणि रात्रीची भांडी एक दिवसाआड दोघांनी घासावीत. ह्याने भावाचे काही कमी होत नाही. उलट पहाटे अंगणात हिंडून उजेड अंगावर घेण्याचे जे आम्ही वर सांगितले, त्यासाठी विहिरीच्या चार खेपांसारखे दुसरे साधन नाही. आईबापांनी हे वाटप तोंडी न ठेवता भिंतीवर लिहून लावावे. तोंडी ठरलेले काम आठवड्याभरात पुन्हा मुलीकडे जाते, असा आमचा अनुभव आहे.

वसतिगृहात राहणाऱ्यांची गोष्ट थोडक्यात. तेथे हाक मारणारी आई नाही, आणि खोलीत तिघांच्या तीन वेळा असतात. खोलीतील सोबत्यांनी पहिल्याच आठवड्यात दिवा मालवण्याची एक वेळ ठरवावी. सत्राच्या मध्यावर ती ठरविण्याचा प्रयत्न भांडणात संपतो. एकाने तरी सकाळी आपल्यासोबत चहाला यावे असा करार करावा. आपल्यासाठी खाली कोणी वाट पाहत उभे आहे हे कळले म्हणजे पाय आपोआप जमिनीला लागतात. आईने घरून फोन करून उठविण्याची प्रथा मात्र पहिल्या महिन्यानंतर बंद करावी.

ज्या मुलाला आज आठ वाजता उठण्याची सवय आहे, त्याला उद्यापासून पावणेसहाला उठविण्याचा हट्ट धरू नये. तीन-चार दिवसांनी पंधरा पंधरा मिनिटे अलीकडे आणावे, आणि निजण्याची वेळही त्याबरोबर आणावी. सवा दोन तासांचे अंतर कापण्यास महिना लागेल. म्हणूनच ही सुरुवात कॉलेज उघडण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर सुट्टी संपत आली असतानाच करावी. मध्येच एखाद्या दिवशी लग्न निघेल, गावची जत्रा निघेल, रात्रीचा प्रवास घडेल आणि नियम मोडेल. मोडू द्यावा, दुसऱ्या दिवशी उठण्याची वेळ मात्र तीच ठेवावी. लंडनमधील एका विद्यापीठात शहाण्णव जणांनी एकेक नवी सवय लावून घेताना जे घडले, ते २००९ साली प्रसिद्ध झाले. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष बाधा आली नव्हती. सवय अंगवळणी पडण्यास मात्र साधारणपणे सहासष्ट दिवस लागले. कोणाला अठराच, तर कोणाला दोनशे चोपन्न लागतील असा अंदाज निघाला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ज्याने आरंभ केला, त्याचे सहासष्ट दिवस मरिया मातेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास, सप्टेंबरच्या आठ तारखेच्या आसपास भरतात. तोवर हाक मारावी लागेल, ती एकदाच आणि सौम्य स्वरात मारावी. ज्याला दोनशे चोपन्न दिवस लागणार आहेत, त्याच्या आईला मार्चच्या मध्यापर्यंत हाक मारावी लागेल.